धाराशिवच्या बायकांचे देणे

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



हे पत्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल आहे. आमच्याकडे बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. आरोग्याच्या प्रश्नांवर लिहिणारी मराठवाड्यातली एक नागरिक म्हणून मी हे आपल्याला टपालानेही पाठवू शकले असते. पण यातली मागणी ज्या बायकांसाठी आहे त्यांच्याही ते वाचनात यावे, त्यांच्या लेकीसुनांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणून उघड लिहिते आहे.

१९९९-२००० च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्योन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली काही नावे. ४९७ गावे घेतली, त्यांचे ५२ समूह केले आणि यदृच्छेने, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, त्यांची चार गटांत वाटणी केली. या गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. कसलीही तक्रार नसलेल्या, शेतात राबणाऱ्या, बहुतेक कधी कुठल्या रुग्णालयात तपासणीसाठी न गेलेल्या बायका.

एका गटातल्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाचा विषाणू गर्भाशयमुखात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला तर तिथे कर्करोग होतो, हे हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही चाचणी त्या विषाणूचा माग काढते. दुसऱ्या गटाची पॅप तपासणी झाली. म्हणजे पेशी खरवडून काढून काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरा चट्टा उमटतो का ते डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटात नेहमी मिळते तीच सेवा राहिली, वेगळी तपासणी नाही. पहिल्या तिन्ही गटांत बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ८० टक्के बायका तपासणीला आल्या. ग्रामीण बाई असल्या तपासण्यांना येत नाही, असे जे अजूनही बैठकांमध्ये म्हटले जाते, त्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली. त्यानंतर आठ वर्षे गावोगाव नोंद ठेवली गेली: कोणाला कर्करोग झाला, कुठल्या टप्प्यावर कळला, कोण त्यात गेली.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. ज्या गटात तपासणी नव्हती तिथल्या ३१,४८८ बायकांपैकी ८२ जणींना पुढच्या टप्प्यातला, हाताबाहेर जाऊ लागलेला कर्करोग निघाला आणि ६४ जणी त्यात मृत्यू पावल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात बायका जास्त होत्या, ३४,१२६. तिथे पुढच्या टप्प्यातले रुग्ण ३९ आणि मृत्यू ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये भरवशाने सांगता येईल अशी घट दिसली नाही. तिथे अनुक्रमे ५४ आणि ५६ बायका गेल्या.

त्या अहवालातली आणखी एक गोष्ट मला मृत्यूंच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते. तिन्ही गटांत ज्या बायकांना ‘काही नाही’ असे सांगून घरी पाठवले, त्यांचे पुढे काय झाले तेही पाहिले गेले. पॅप किंवा ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत निर्धोक ठरलेल्या बायकांमध्ये नंतर कर्करोग होण्याचे प्रमाण, एचपीव्ही चाचणीत निर्धोक ठरलेल्या बायकांच्या चौपटीहून अधिक निघाले. म्हणजे एचपीव्हीची चाचणी ‘नाही’ म्हणते तेव्हा तिचा शब्द पुष्कळ जास्त खरा असतो. ज्या बाईला तालुक्याच्या गावी यायचे तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो, नवऱ्याला आणि सासूला कारण सांगावे लागते, तिच्या दृष्टीने या शब्दाच्या खरेपणाला फार किंमत आहे.

आता त्या चौथ्या गटाबद्दल. तपासणी न झालेल्या गटात ६४ बायका मृत्यू पावल्या, आणि हा गट असावा की नसावा यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत पुढे कडाडून वाद झाला. ज्या रोगाला आळा घालण्याचे उपाय श्रीमंत देशांत आधीच रूढ होते, त्यासाठी गरीब जिल्ह्यातल्या बायकांना तपासणीविना ठेवून तुलना करणे योग्य होते का, असा तो प्रश्न. अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे होते की त्या काळी त्या जिल्ह्यात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नाहीच, आणि कोणती पद्धत आपल्याकडे खरोखर जीव वाचवते हे कळल्याशिवाय सरकार कशावरही पैसा घालणार नव्हते. दोन्ही बाजू मी लक्षपूर्वक वाचल्या आहेत. माझे मत असे झाले आहे की या वादाचा निवाडा २००९ साली संपत नाही. निकाल हाती आल्यावर राज्याने काय केले, यावर तो ठरतो. मिळालेले ज्ञान त्याच जिल्ह्यातल्या बायकांच्या उपयोगी पडले, तर त्या ६४ जणींच्या मृत्यूतून निदान त्यांच्या लेकींना काही मिळाले असे म्हणता येईल. पडले नाही, तर टीकाकार बरोबर होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्याआधी २०२० मध्ये तिने जगापुढे उद्दिष्ट ठेवले होते की २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची अशी खात्रीशीर चाचणी ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा एकदा व्हावी. या शिफारशींमागच्या पुराव्यांत धाराशिवचा अभ्यास ठळक आहे. आपल्याकडे मात्र २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्याने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडची तपासणी ठरवून दिली आणि कार्यक्रमाची मुख्य मदार आजही तिच्यावरच आहे. ती तरी किती जणींपर्यंत पोचली? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे सांगितले, त्यांचे देशातले प्रमाण १.९ टक्के होते. स्तनाच्या तपासणीचे ०.९ टक्के.

ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीला टाकाऊ म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही, कारण ते खरे होणार नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा जो अभ्यास केला, त्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनी ती एकदाच केली, तरी मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २००७ चा. मग धाराशिवमध्ये ती का चालली नाही? ही तपासणी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सरावावर अवलंबून असते. मुंबईत तीच बाई दोन वर्षांनी पुन्हा तपासली जात होती, त्यामुळे पहिल्या वेळी नजरेतून सुटलेले दुसऱ्या वेळी सापडत होते. संशोधनाच्या काळात जी देखरेख असते, जे पुनःपुन्हा प्रशिक्षण असते, ते उपकेंद्रावर एकटीने लसीकरण, बाळंतपणे आणि रजिस्टरे सांभाळणाऱ्या नर्सताईंना मिळत नाही. टेबल डुगडुगते, पडदा नाही, दिव्याचा प्रकाश पुरत नाही, ॲसिड कधी तयार केले त्याची चिठ्ठी बाटलीवर नाही. अशा ठिकाणी सरावाच्या नजरेची अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय आहे. जिथे बाई एकदाच येणार आहे, तिथे तिला सर्वात खात्रीची चाचणी द्यायला हवी, एवढे माझे म्हणणे आहे.

चाचणीचे यश मी सतत मृत्यूंनी मोजते आहे, आणि तेही मुद्दाम. कर्करोगाच्या तपासणीत ‘रुग्ण सापडले’ हा आकडा फसवा असतो आणि ‘पाच वर्षे जगले’ हाही. समजा एका बाईचा रोग काही केले तरी २०३० साली तिचा जीव घेणार आहे. तो २०२८ मध्ये कळला तर निदानानंतर ती दोन वर्षे जगली. २०२४ मध्ये कळला तर सहा वर्षे जगली. कागदावर जगण्याचे प्रमाण सुधारले, बाईच्या हाती मात्र एक दिवसही जास्त आला नाही; आजारी म्हणून काढलेली चार वर्षे तेवढी वाढली. दक्षिण कोरियाने १९९९ पासून कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला; त्याबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी थोड्या पैशांत जोडून मिळू लागली, आणि २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तिथेच राहिली. हजारो लोकांच्या गळ्यातली ग्रंथी काढली गेली, ती बहुतेकांची विनाकारण. म्हणून गावाची सोडत काढून, तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांतले मृत्यू मोजून काढलेला धाराशिवचा निष्कर्ष इतका वजनदार आहे. आणि म्हणूनच, रक्ताच्या एका नमुन्यात सगळे कर्करोग ओळखून देतो म्हणणाऱ्या पॅकेजांना शासकीय शिबिरांत जागा देऊ नये.

जगण्याचे प्रमाणही अर्थात पाहायला हवे, पण उपचार किती पोचतात ते कळण्यासाठी. देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीनुसार २०१२ ते २०१५ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात राहण्याचे प्रमाण ५१.७ टक्के होते; अहमदाबाद शहरात ६१.५, त्रिपुरात ३१.६. एकाच देशात, एकाच रोगात एवढा फरक पडतो तो बाई कुठल्या टप्प्यावर पोचली आणि रेडिएशनचे पूर्ण उपचार तिला मिळाले की अर्ध्यावर सुटले यामुळे.

बीडबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

२०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे उघड झाले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. कारणे अनेक होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडून येते. पण या सगळ्यावर शेवटचा घाव घालणारे वाक्य एकच होते, आणि ते बाईने दवाखान्यात ऐकलेले होते: ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल.’

या वाक्याने बायकांनी उचल घेऊन, दागिने मोडून ऑपरेशने करून घेतली. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. ते गोळ्यांनी बरे होते. ज्या भागात कर्करोगाची खरी तपासणी पोचलेली नव्हती, तिथे कर्करोगाची भीती आधी पोचली, आणि तिच्यावर पैसे कमावले गेले. शासनाने नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक केली, ते योग्यच झाले. पण परवानगीचा कागद बाईच्या मनातली भीती काढत नाही. धाराशिवच्या अभ्यासात एचपीव्ही सापडला तो तपासलेल्या बायकांपैकी १०.३ टक्के जणींमध्ये. म्हणजे दहांतल्या जवळजवळ नऊ जणींना आरोग्य केंद्रातली बाई लेखी सांगू शकते, की बाई गं, कॅन्सरच्या भीतीने तुला पिशवी काढायची गरज नाही. तुझ्या पांढऱ्या जाण्याचे औषध हे घे. माझ्या लेखी, मराठवाड्यात ही चाचणी आणण्याचे हे दुसरे कारण पहिल्याइतकेच मोठे आहे.

ज्या दहाव्या बाईला विषाणू निघाला, तिचे काय? इथे कार्यक्रम तरतो किंवा बुडतो. विषाणू निघणे म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे राहतो तिथेही कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात खराब पेशी जाळून किंवा गोठवून काढता येतात. बॅटरीवर चालणारे, हातात धरायचे उष्णतेचे उपकरण आता मिळते. भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. पण हे नीट समजावून सांगणारे माणूस हवे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे अर्धवट वाक्य घरी गेले तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाईल, आणि त्या गावातली दुसरी बाई तपासणीला येणार नाही. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी होऊन जातो, कोणाकडून आला हे शोधता येत नाही आणि शोधण्यात अर्थही नाही, हे आशाताईंच्या तोंडी पाठ असायला हवे. त्यांना त्यासाठी प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जोखमीचा फॉर्म त्याच भरतात. फॉर्म भरून झाल्यावर पुढे काय, हे बाईने विचारले तर त्यांच्याकडे उत्तर असले पाहिजे.

आणि तारखा बघा, महोदय. बीड, धाराशिव, परांडा, भूम या पट्ट्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, दसरा-दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. कर्करोगाच्या मोहिमा बहुधा ४ फेब्रुवारीच्या कर्करोग दिनाला बांधलेल्या असतात. तेव्हा जिची तपासणी सर्वात जास्त गरजेची, ती बाई कारखान्याच्या फडात असते. या तालुक्यांसाठी मोहीम जून ते सप्टेंबर या महिन्यांत घ्या, आणि विषाणू निघालेल्या बाईचा उपचार टोळी हलण्याआधी पुरा करा. राहून गेलीच, तर ती ज्या कारखान्यावर आहे तिथल्या आरोग्य केंद्राकडे तिची नोंद जावी. लहान मुलांच्या लसीकरणात स्थलांतरितांची यादी ठेवायला आपली यंत्रणा शिकली आहे. हे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही.

यंत्रे कुठून आणायची, असे आपले अधिकारी विचारतील. २००० साली हा प्रश्न खरा होता. तेव्हाची चाचणी परदेशी आणि महागडी होती. आज गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी कितीतरी आरोग्य केंद्रांत येऊन बसले आहे, आणि त्याच यंत्रावर एचपीव्हीची चिप चालते. पुण्याच्या मायलॅबचीही चाचणी आहे. शिवाय या चाचणीला बाईला टेबलावर झोपवावेच लागते असे नाही. छोटा ब्रश देऊन ती आडोशाला स्वतःच नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली आहे. जिथे वैद्यकीय अधिकारी पुरुष आहेत आणि पडदा फाटका आहे, तिथे यामुळे किती बायका तपासणीला येतील याचा विचार करा. खर्चाचा हिशेब करताना आयुष्यात दोनदा करायच्या चाचणीची तुलना दर पाच वर्षांनी करायच्या तपासणीशी, तिच्या प्रशिक्षणाशी आणि देखरेखीशी करावी. संपूर्ण राज्यासाठी एकत्र खरेदी केली तर भाव खाली येईल. लसींच्या बाबतीत आपण ते पाहिले आहे.

लस आली की हे सारे आपोआप सुटेल, असेही सांगितले जाते. लस हवीच, आणि मुलींना ती लवकर मिळायला हवी. एकच मात्रा पुरेसे संरक्षण देते हे जगाला कळले त्यातही बार्शी, पुणे आणि मुंबईच्या केंद्रांतून लस घेतलेल्या मुलींचा वाटा आहे. २०१० मध्ये लसीचा तो अभ्यास शासनाच्या आदेशाने अर्ध्यावर थांबला, अनेक मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली, आणि संशोधकांनी त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा केला, त्यातून ही गोष्ट समजली. पण आज जी बाई पस्तिशीची आहे तिला ती लस फारशी वाचवणार नाही. लसीचा पूर्ण परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे जातील. तोवरच्या बायकांसाठी चाचणी हाच उपाय आहे.

स्तन आणि तोंडाच्या कर्करोगांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे नवे यंत्र मागायचे नाही. मुंबईच्या त्याच अभ्यासाच्या वीस वर्षांच्या निकालात, प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने केलेल्या स्तन तपासणीने पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले स्तन कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी केले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. केरळमध्ये तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांचे तोंड आरोग्य कार्यकर्त्यांनी टॉर्च लावून तपासले, तेव्हा त्यांच्यातले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. मिश्री आणि गुटखा आमच्या भागात काय करतात ते आपल्याला सांगायला नको.

राहता राहिली नोंद. १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. शहरात रुग्णालयांचे कागद तपासले की बरेचसे रुग्ण सापडतात. खेड्यात माणूस रुग्णालयात न पोचताच जातो. म्हणून बार्शीच्या लोकांनी गावोगाव फिरण्याची पद्धत घालून दिली. बार्शी, परांडा, भूमच्या गावांत नोंदणीचे कर्मचारी वर्षानुवर्षे सरपंच, शिक्षक, अंगणवाडी ताई यांना भेटत राहिले, गावात बैठका घेऊन लक्षणे सांगत राहिले, शंका असलेल्या माणसाला रुग्णालयापर्यंत नेत राहिले. त्याचा परिणाम असा झाला की कुठलीही चाचणी सुरू होण्याआधीच, नुसत्या या बोलण्या-भेटण्याने, बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. १९९५ च्या एका शोधनिबंधात ते मांडलेले आहे. धाराशिवचा मोठा अभ्यास उभा राहू शकला तो या पायावर.

२०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय अहवालात उस्मानाबाद आणि बीडच्या नोंदणीत कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वांत कमी दिसते: लाखामागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४. या आकड्याचा आधार घेऊन कोणी या जिल्ह्यांचा निधी कमी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कमी प्रमाण हे अंशतः खरे असेल, अंशतः न कळलेल्या रोगाचे असेल. पण ज्या बाईला तो होतो तिला तो उशिरा कळतो, हे त्याच भागातल्या अभ्यासाने दाखवले आहे.

म्हणून मागणी स्पष्ट करते. कार्यक्रमात एचपीव्ही चाचणी आणावी, ३५ आणि ४५ या वयांपासून सुरुवात करावी. ज्यांना विषाणू निघेल त्यांच्यावर तालुक्याच्या ठिकाणी मोफत उपचार व्हावेत, आणि कर्करोगच निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार पुरे होईपर्यंत प्रवास आणि मुक्कामाची सोय व्हावी. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे आकडे जाहीर करावेत, पण ‘शिबिरात इतक्या महिलांनी लाभ घेतला’ असे नकोत. गावात पात्र बायका किती, तपासल्या किती, विषाणू निघाला किती जणींना, त्यातल्या किती उपचारापर्यंत पोचल्या आणि या रोगाने किती गेल्या, एवढे सांगा. बार्शीसारखी गावोगाव फिरणारी नोंदणी मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत सुरू करा आणि तिच्यासाठी कायमची पदे द्या.

२००० साली ज्या तीस वर्षांच्या बाईने धाराशिवमध्ये आपला नमुना दिला, ती आता पंचावन्नच्या पुढे गेली आहे. तिची मुलगी आज साधारण तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि बहुधा तिची एकदाही तपासणी झालेली नाही. आईने ज्याची खात्री जगाला करून दिली ती चाचणी मुलीला मिळावी. सुरुवात धाराशिव, बीड आणि बार्शीपासून करावी, येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद करावी, आणि निर्णय काय झाला तो विधिमंडळात सांगावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे,
मराठवाड्यातली एक आरोग्यलेखिका